कागद गाठीचा असतो

डॉ. कुळथेसरांच्या माजलगावच्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा पाऊल ठेवलं, तेव्हा सर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचपट्टीवरचं पेशंटचं नाव कागदाच्या चिठ्ठीनं झाकत होते. "नाव दिसलं की डोळे लबाडी करतात," एवढंच म्हणाले आणि मला शेजारच्या स्टुलावर बसवलं. त्या स्टुलावर माझी वीस वर्षं गेली. आज सरांची पंचाहत्तरी.

अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या गाठीतली प्रथिनं रंगवायची आणि त्यावरून आजार पुढे कसा वागेल याचा अंदाज बांधायचा, हे सरांचं जिव्हाळ्याचं काम. किती पेशींनी रंग धरला, हे ते दोनदा मोजत. मगच चिठ्ठी काढत आणि पेशंटला आत बोलावून विचारत, "दुधात कुस्करलेली भाकर उतरती का?"

एकदा दिंद्रुडच्या कोंडाबाईंचा रिपोर्ट न्यायला त्यांची सून आली. कोंडाबाई शेळ्या राखायच्या. "बाई, किती दिस हायेत सासूला?" तिनं विचारलं. कुणी विचारलं की खरं सांगावं, ही माझ्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांची शिकवण. रंग गडद आला होता, म्हणजे गाठ वाईट जातीची. मी म्हणाले, "सहा महिने."

कोंडाबाई उपचाराला आल्याच नाहीत. सरांना कळलं, तेव्हा ते मला रागावले नाहीत. एसटीत शेजारी बसवून दिंद्रुडला घेऊन गेले. कोंडाबाईंनी शेळ्या विकायला काढल्या होत्या.

"कावून आला न्हाईत?" सरांनी विचारलं.

"सा महिन्यांसाठी कशाला हाल करून घेऊ? ह्या बाईनंच सांगितलं."

"तो कागद गाठीचा हाय, तुमचा न्हाई. अशी गाठ असलेल्या लई लोकांचं काय झालं, तेवढंच त्याला ठावं."

"आन् माझं तुमाला ठावं हाय?"

"न्हाई. म्हणून तर चला म्हणतो."

कोंडाबाई हसल्या. "आधी भाव पाडला, आन् आता सौदा मोडाया आलात व्हय!"

त्या आल्या. उपचारांत फार सोसलं त्यांनी. पाचव्या वर्षी आमच्या पायरीवर बसून त्यांनी माझ्यासमोर कोरडी भाकर मोडून खाल्ली. सगळ्यांचं असं झालं नाही. ज्यांचं झालं नाही, त्यांच्या घरीही सर जाऊन बसले.

अशा लेखाच्या शेवटी शंभर वर्षं मागायची रीत आहे. सर, तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. किती, ते मात्र मी लिहिणार नाही. माणसाला आकडा सांगायचा नसतो, हे मी कोंडाबाईंच्या अंगणात तुमच्याकडूनच शिकले.