धोंडू घाडींची चार वयं

प्रेमा सावंत नोकरीत असताना रोज माणसांची वयं तपासायची. एका विमा कंपनीच्या क्लेम खात्यात तिने तेहतीस वर्षं काढली. माणूस गेला की त्याच्या घरचे लोक कागद घेऊन यायचे. शाळेचा दाखला एक साल सांगायचा, रेशन कार्ड दुसरं, आणि बायको तिसरं. प्रेमाचा कुणावर राग नसायचा. नव्या पोरींना ती एवढंच शिकवायची, "कागद काय म्हणतो ते नंतर वाच गं. तो कुणी लिहिला, कधी लिहिला आणि कशासाठी लिहिला, ते आधी विचार."

निवृत्त होऊन ती मुलुंडच्या घरी निवांत बसली होती, तोवर तिच्याच वडिलांची फाईल तिच्यापुढे आली.

तिचे वडील धोंडू घाडी भांडुपला धाकट्या मुलाकडे, म्हणजे बाळाकडे राहायचे. गिरणीतून सुटून त्यांना कैक वर्षं झाली होती. बाळाने शाळेच्या दाखल्यावरून हिशेब केला. १ जून १९४५. म्हणजे यंदा एक्क्याऐंशी, हजार पौर्णिमा बघून झाल्या. त्याने सहस्रचंद्रदर्शनासाठी देवळाचा हॉल घेतला. अधिक महिना सरल्यावरचा, एकवीस जूनचा रविवार. मग बाळाची लेक श्रुतिका आजोबांचे जुने फोटो शोधायला ट्रंकेत शिरली आणि तिला गिरणीचं कार्ड सापडलं. त्यावर जन्मसाल होतं १९४०. आधार कार्डावर होतं १ जानेवारी १९४८.

बाळाने बहिणीला फोन लावला. "ताई, वाट लागली. बाबा अठ्ठ्याहत्तर, एक्क्याऐंशी आणि शहाऐंशी असे तिन्ही आहेत."

"बाबांना विचारलंस?"

"ते म्हणतात, मला काय विचारता, मी तेव्हा लहान होतो."

प्रेमा खुदकन हसली आणि चष्मा घेऊन भांडुपला गेली.

तिने आधी आधार कार्ड बाजूला केलं. "हे साल कुणी सांगितलं?"

बाळा ओशाळला. "मीच. अंदाजाने. तारीख माहीत नव्हती, म्हणून एक जानेवारी पडली."

मग दाखला. तो तिने वडिलांपुढे धरला. "बाबा, तुम्ही पहिलीत कधी बसलात?"

"उशिरा," धोंडू म्हणाले. "शाळा वहाळापलीकडे. साकव झाला तेव्हा गेलो. पोरं माझ्या कमरेला लागायची. गुरुजी माझ्या बाबांना म्हणाले, एवढा घोडा सहा वर्षांचा लिहितो, कुणाला सांगू नका. वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस एक जूनच होता."

"आणि गिरणीत?"

"तिथे उलटं. मुकादम म्हणाला, अठरा सांग, नाहीतर परत जा. मला मिशी पण फुटली नव्हती."

प्रेमाने वहीत लिहून घेतलं. दाखल्याने वय कमी केलं होतं, गिरणीने वाढवलं होतं. खरं साल बहुधा दोहोंच्या मधे कुठेतरी. पण 'बहुधा' या शब्दावर तिने आयुष्यात एकही क्लेम पास केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती वडिलांना रिक्षात घालून मानखुर्दला गेली. तिथे धोंडूंची थोरली बहीण, गोदाआत्या, नातवाकडे राहायची. नव्वदी ओलांडलेली, कानाने मंद, जिभेने तिखट. साल विचारल्यावर ती ठणकावून म्हणाली, "माझ्या लग्नाच्या वर्षी."

"आत्ये, तुझ्या लग्नात बाबा करवला होते. फोटो आहे."

"मगे आदल्या वर्षी."

प्रेमाने साल विचारणं सोडून दिलं. म्हातारी माणसं सालात चुकतात, हे तिला ठाऊक होतं. तिने विचारलं, "बाबा झाले त्या दिवशी तू काय करत होतीस?"

आत्याचा चेहराच बदलला. "फणस खाय होतंय. बरको, पिकलेलो. आवशीक कोण देयना, बाळंतीण मां ती. मी बाजेखाली बसान सगळे गरे खालंय. मगे दोन दिवस पोटात दुखला."

धोंडू हसून हसून खोकायला लागले.

"आणि बाबांचं नाव धोंडू का? आधीची दोन मुलं गेली म्हणून ना?" प्रेमाला लहानपणापासून हेच सांगितलं गेलं होतं. मूल जगावं म्हणून दगडधोंड्याचं नाव.

"दोन गेली ता खरा. पण हो धोंड्याच्या म्हयन्यात झालो, म्हणान धोंडू." तेवढं बोलून तिने नातसुनेला हाक मारली. "तो गडवो हाड गो."

आला तो एक पितळी गडू. प्रेमाच्या आजोबांनी बारशाला मुंबईहून नेलेला. काठाखाली कोरलं होतं, 'चि. धोंडू शिवराम, शके १८६'. पुढचा आकडा नव्हता. गडू कधीतरी गळायला लागला होता आणि डाग दिला होता तो नेमका तिथेच.

प्रेमा तो गडू उजेडात धरून किती वेळ बघत राहिली. बारशाच्या वेळी कोरलेली अक्षरं. ना शाळेसाठी, ना नोकरीसाठी, कुणाचा काही फायदा नाही. नुसता मुलगा झाल्याचा आनंद.

घरी आल्यावर श्रुतिकाने जुन्या पंचांगांची यादी शोधली. शके १८६० ते १८६९ या दहा वर्षांत धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक महिना, चारदा आला होता. दोनदा श्रावणात, एकदा चैत्रात, एकदा ज्येष्ठात.

"चैत्रात फणस कच्चा असतो," प्रेमा म्हणाली. "श्रावणात संपलेला असतो."

"म्हणजे ज्येष्ठ. शके १८६४." श्रुतिकाने आकडेमोड केली. "मे-जून १९४२. आत्तू, आजोबा चौऱ्याऐंशीचे आहेत."

"आणि गिरणीत गेले तेव्हा सोळाचे," प्रेमा म्हणाली. "मिशीचंही जुळतं."

बाळाने कपाळावर हात मारला. "अरे, मग हजार चंद्र होऊन तीन वर्षं झाली."

धोंडू शांतपणे चहा बशीत ओतत होते. "तीन वर्षं बोनस म्हण. गिरणीने कधी एवढा दिला नाही."

हॉल तसाच ठेवला. देवळातले गुरुजी म्हणाले, राहून गेलेलं शुभकार्य उशिरा केलं तरी चालतं. पण यंदाचा अधिक महिनाही ज्येष्ठातलाच आहे, हे कळल्यावर धोंडूंनी हट्ट धरला, की वाढदिवस याच महिन्यात हवा.

"कुठल्या दिवशी?" बाळाने विचारलं.

सगळ्यांनी प्रेमाकडे पाहिलं. तिने वही उघडून दाखवली. जन्म, अधिक ज्येष्ठ, शके १८६४. खाली लिहिलं होतं, 'दिवस माहीत नाही.'

"ताई, टाक ना एखादा," बाळा म्हणाला.

"नाही. टाकलेल्या तारखांनीच एवढा घोळ झाला."

"मग महिनाभर कुठलाही दिवस माझाच की," धोंडू म्हणाले, आणि त्यांनी तो शब्द खरा केला. त्या महिन्यात भांडुपला चार रविवार गोडधोड झालं. जावयाला, म्हणजे प्रेमाच्या नवऱ्याला, अधिकाचे अनारसे द्यायचे होतेच, त्यातले अर्धे सासऱ्यानेच खाल्ले. तिसऱ्या रविवारी गोदाआत्याला आणलं. तिने भावाच्या तोंडात घास घातला आणि तो नीट चावत नाही म्हणून सगळ्यांदेखत त्याला झापलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे धोंडू मान खाली घालून चावत राहिले.

आधार कार्ड बदलायला मात्र ते तयार झाले नाहीत. "सरकारदरबारी तरी तरुण राहू दे मला."

एकवीस तारखेला हॉलमध्ये गावचे लोक जमले, आणि प्रेमाने साल कसं काढलं ही गोष्ट जेवणाच्या पंगतीत पसरली. पुढच्या रविवारी सकाळी मुलुंडला तिच्या दाराची बेल वाजली. बाहेर गावमंडळातलं एक जोडपं उभं होतं. हातात कागदांची पिशवी, मधे काठी टेकत त्यांची म्हातारी आई.

"हिची दोन वयं निघतायत," तो गृहस्थ संकोचाने म्हणाला. "जरा बघता का?"

प्रेमाने कागदांची पिशवी तशीच राहू दिली. म्हातारीला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, आणि वही काढून तिच्याशेजारी बसली.