साठ मिनिटांत न मावलेलं गाणं

"तुम्हाला गाण्यातलं काय कळतं, काका?"

हे वाक्य मला माझ्याच दुकानात, माझ्याच काउंटरवर कोपर टेकून उभ्या असलेल्या एका पोराने ऐकवलं. त्याच्या हातातला पेनही माझाच होता. या गोष्टीला तीसेक वर्षं झाली. तो पोरगा आता परदेशात बियाण्यांचा मोठा जाणकार झालाय असं कानावर आलं. होऊ दे. बियाण्यांतलं त्याला कळत असेल. त्या दिवशी गाण्यातलं त्याला काही कळलेलं नव्हतं, आणि का कळलेलं नव्हतं हे अख्ख्या परभणीत मला एकट्याला माहीत होतं.

माझं कॅसेटचं दुकान स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. मी मूळचा पिंगळीचा. आठ वर्षं रेल्वेने ये-जा करून एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे तारांना सोल्डरचे डाग द्यायला शिकलो, त्याच्या शिव्या खाल्ल्या आणि एक दिवस त्याच्याच समोरच्या ओळीत स्वतःचं शटर उघडलं. मला कुणी हात धरून तिथे बसवलेलं नाही. दुकानात दोन कॅसेट लागणारा एक डेक, दोन स्पीकर आणि भिंतभर कोऱ्या कॅसेट. लोक कागदावर गाण्यांची यादी आणायचे आणि मी ती गाणी भरून द्यायचो. भजनं भरली, कव्वाल्या भरल्या, वरातीची गाणी भरली. ती नामांतराची शेवटची वर्षं. विद्यापीठाला नाव द्या म्हणणाऱ्यांची गाणी मी भरली आणि देऊ नका म्हणणाऱ्यांची भाषणंही मीच भरली. भाव पाडायला दोघंही सारखेच.

ही सगळी वर्षं मी नुसती बटणं दाबत नव्हतो. टेप कुठे ताणली गेलीय, हेडला कुठे मळ बसलाय, गाणाऱ्याने श्वास कुठे चोरलाय, हे मला रस्त्यावरून चालताना दुसऱ्याच्या दुकानातलं ऐकूनही कळायचं. याला कळणं म्हणत नाहीत तर काय म्हणतात?

कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहातली सहा पोरं माझी नेहमीची गिऱ्हाइकं होती. त्यांतला एक ईशान्येकडच्या डोंगरातला, शेवटच्या वर्षाचा, अबोल. मोडक्या हिंदीत दोन शब्द बोलायचा आणि हसायचा. दुसरा पुण्याचा, चष्मेवाला. तो अबोल मुलगा जेवढे शब्द गिळायचा तेवढे हा बोलायचा. बाकीचे चौघं चष्मेवाल्याच्या मागे मान हलवायला.

एक दिवस अबोल मुलाने खिशातून एक कॅसेट काढली. त्याच्या भावाने कुठूनतरी मिळवून धाडलेली, अस्सल, कंपनीची. वेष्टनावर ढगांत उभा एक तलवारवाला. कुठल्याशा थंड देशातले पाच केसाळ गडी. या गाण्याला मेटल म्हणतात हे मला ठाऊक होतं, आधीही एक-दोन भरली होती, नुसता दणदणाट. हे वेगळं होतं. गिटारी जडच, ड्रम दोन्ही पायांनी बडवलेला, पण त्यावर गळा असा वर चढवलेला की पोवाडा म्हणणाऱ्याने ऐकावं. आणि प्रत्येक गाण्यात एक ओळ अशी यायची की सगळ्यांनी मिळून म्हणावी. पॉवर मेटल म्हणतात, मेलोडिक, असं चष्मेवाल्याने मला समजावलं. लहान मुलाला समजावतात त्या सुरात.

शेजारच्या चहावाल्या चाचांनी पहिलं गाणं ऐकून मान आत घातली. "मियां, ये गा रा क्या? के इसका पांव दरवाजे में अटक्या?"

पाच प्रती हव्या होत्या. अबोल मुलाला तीन महिने देवगाव फाट्याजवळच्या एका गावात राहून शेतीचं काम करायचं होतं, तिथे त्याच्याकडे टेप नव्हता. म्हणून त्याने मूळ कॅसेट माझ्याकडे ठेवली. "काका, संभालना," एवढंच म्हणाला आणि गेला.

मी चष्मेवाल्याला सांगितलं, "ही साठाच्या कॅसेटीत बसत न्हाई. चार-पाच मिनिटं जास्तीची हाय. नव्वदची घ्या."

"बसवा हो काका. तुम्ही काहीही बसवता."

"गाणं हाय ते. पोतं न्हाई दाबून भरायला."

मग त्याने घासाघीस सुरू केली. घासाघीस करावी तर माझ्याशी, अशी माझी त्या रस्त्यावर ओळख होती. पण या पोराने मला कोंडीत धरलं. पाच प्रती एकदम, पुढच्या महिन्यात आणखी गिऱ्हाइकं आणतो, नाहीतर नांदेडला माझा मावसभाऊ आहे, तो करून देईल. पायरी उतरून दहा पावलं गेलाही. मी हाक मारली. माझ्या आयुष्यात मी फार थोड्या गिऱ्हाइकांना पाठीमागून हाक मारलीय.

आणि त्या रागात मी ती कॅसेट साठ मिनिटांत बसवली. दहा गाणी होती. चौथं गाणं सात मिनिटांचं आणि संथ. ते काढलं, दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं अलीकडे आणलं, सगळं बेताबेताने बसलं. वेष्टनाच्या कागदावर नऊच गाण्यांची नावं माझ्या अक्षरात, एकेक इंग्रजी अक्षर बघून, उतरवली. पोरांना धडधडाट हवाय, संथ गाण्याची आठवण कुणाला येणार? असा माझा हिशोब. कुणाला सांगितलं नाही.

मूळ कॅसेट मात्र माझ्याकडेच. त्या महिन्यात नामांतरावरून दोन-तीनदा बाजार बंद झाला. बाहेर पोलिसांची गाडी फिरायची, गिऱ्हाईक फिरकत नसे. मी शटर अर्धं ओढून आत बसायचो आणि ते चौथं गाणं लावायचो. आधी एकटी गिटार, मग तो गळा, पण या वेळी खालच्या पट्टीत, जणू समोरच्या एकालाच काही सांगतोय. ड्रम पाच मिनिटं गप्प. आणि मग सगळे एकदम येतात. पुढचं पाचवं गाणं सगळ्यांत वेगवान होतं, आणि ते तसं का आहे हे चौथं ऐकल्याशिवाय कळूच शकत नाही. शब्द मला कळत नव्हते. कळायची गरजही वाटली नाही.

महिन्याभराने एका रविवारी पाचही जण दुकानासमोर जमले. इंग्रजी गाण्यांचं एक मासिक निघायचं, त्यात या अल्बमवर वाचकांची मतं मागवली होती. परभणीहून पत्र जाणार म्हणून पोरं चढली होती. चष्मेवाला माझ्या काउंटरवर लिहायला बसला आणि एकेकाचं मत सुरू झालं.

"गायक भारी आहे, पण सारखा वरच. उतरतच नाही."

"कीबोर्ड काढून टाका. लग्नातला बँड वाटतो."

"हे मेटलच नाही. गोडमिट्टं आहे. आइस्क्रीम."

"तुझं डोकं आइस्क्रीम. ड्रम ऐक की!"

मग चष्मेवाला म्हणाला, "मुख्य दोष मी सांगतो. सगळी गाणी एकाच वेगात. श्वास घ्यायला जागा नाही. एक तरी संथ गाणं ठेवायची या लोकांना अक्कल नव्हती. दहापैकी पाच."

"सहा तरी दे."

"बरं, साडेपाच."

मी हातातली कॅसेट खाली ठेवली. संथ गाणं माझ्या डाव्या हाताच्या खणात पडलेलं होतं. मी म्हणालो, "माझंबी एक मत लिहा त्यात."

पाचही जण हसले. वाईट हेतूने नव्हे, हे मला आता वाटतं. तेव्हा वाटलं नाही.

"काका, तुम्ही गाणी भरता. भरणं वेगळं, ऐकणं वेगळं."

"कानात बोळे घालून भरतो का मी?"

"तसं नाही हो. पण तुम्हाला गाण्यातलं काय कळतं, काका?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. तुझं मत माझ्या कात्रीने बेतलंय, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण ते बोललो असतो तर मी गाणी गाळतो हे बाजारभर झालं असतं, आणि पंधरा वर्षांत कमावलेलं नाव गेलं असतं. खरं सांगायचं तर नावाची काळजी नंतर सुचली. आधी सुचला तो राग. लिही, मनात म्हटलं. पाठव. छापून येऊ दे तुझं शहाणपण. मी पेनाचं टोपण लावून तो परत घेतला आणि पुढच्या गिऱ्हाइकावर ओरडलो.

दोनेक महिन्यांनी पत्र छापून आलं. चष्मेवाल्याने मासिक चाचांना दाखवलं, मलाही दाखवलं, खाली पाच नावं आणि परभणी. पत्राला मथळा होता, तो त्याने मला वाचून दाखवला: संथ गाण्याविना अल्बम. मी म्हणालो, "लय भारी." आणि मनातल्या मनात हसलो.

आठवड्याने सहाही जण आले. पुढे चष्मेवाला, लालबुंद. मागे तो अबोल मुलगा, गावाकडून परतलेला, हातात मासिकाची सुरळी. त्याने ते वाचून साधा प्रश्न विचारला होता: चौथं गाणं तुम्ही ऐकलं नाही का?

"काका, अख्खं गाणं खाल्लंत तुम्ही!"

"खाल्लं? साठीत बसत न्हाई म्हनून सांगितलं व्हतं का न्हाई?"

"मग काय काढलं ते सांगायचं! आमचं हसं झालं!"

हे त्याचं खरं होतं, आणि म्हणूनच माझा आवाज आणखी चढला. "कशाला सांगू? मला गाण्यातलं काय कळतंय? ज्याला कळत न्हाई त्याला काय इचारायलाय, कोनतं गाळलं म्हनून?"

चाचा चहाची किटली घेऊन मध्ये आले, "अरे छोडो बाबा, गाने के वास्ते खून करते क्या," आणि मी त्यांनाही झिडकारलं. मग खणातून मूळ कॅसेट काढली, डेकमध्ये टाकली आणि आवाज शेवटपर्यंत वर नेला. चौथं गाणं सुरू झालं. रस्त्यावरचा एक रिक्षावाला थांबून बघायला लागला. पोरं सात मिनिटं उभी होती. कुणी कुणाकडे बघितलं नाही. ड्रम आला तेव्हा चष्मेवाल्याने चष्मा काढून शर्टाला पुसला.

गाणं संपल्यावर मागचा एक हळूच म्हणाला, "आता सात तरी द्यावे लागतील."

"साडेसहा," चष्मेवाला म्हणाला. माझ्याकडे न बघता.

तेव्हा तो अबोल मुलगा काउंटरजवळ आला. त्याचीच कॅसेट होती, गाळलेलं गाणं त्याचंच होतं, ओरडायचा हक्क असलाच तर त्याचा होता. त्याने विचारलं, "काका, आपको कैसा लगा?"

तीन महिने मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. वाक्यं जुळवून ठेवली होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "मैं भरता हूँ बेटा. सुनता नहीं."

त्याचा चेहरा उतरला. कॅसेट उचलून, खिशात घालून तो गेला, आणि पुन्हा माझ्या पायरीवर चढला नाही. चष्मेवाला चढला, चारदा चढला, भावही पाडून गेला. त्याच्यावरचा राग मी तीस वर्षं असाच ठेवलाय, तो कमी होत नाही, आणि व्हावा असं मला वाटतही नाही. पण ज्याने विचारलं त्याला मी पाठीमागून हाक मारली नाही. चष्मेवाल्याला मारली होती.

तर माझं मत आता इथेच लिहितो, तेव्हा कुणी लिहून घेतलं नाही म्हणून. गायक वरच्या पट्टीत चांगला आहे, खालच्या पट्टीत त्याहून चांगला आहे. कीबोर्ड राहू द्यावा, तो काढला तर सगळ्यांनी म्हणायची ओळ उघडी पडते. आठवं गाणं भरतीचं आहे, साठीत बसवायचं तर ते गाळायला हवं होतं, चौथं नव्हे. ती चूक माझी. चौथ्यानंतर लगेच पाचवं ऐकावं, मध्ये उठू नये. दहापैकी आठ. यात घासाघीस होणार नाही.