पाद्रींच्या खोलीतलं बाळंतपण

मावशीला कॅथेड्रल दाखवायला न्यायचं भाचीने ठरवलं खरं, पण तिची अटकळ होती की मावशी लगेच कंटाळणार. मावशी म्हणजे सरकारी दवाखान्यातली निवृत्त नर्स. अख्खा जन्म या बंदराच्या गावात गेलेला. बोलायला फटकळ, पण मनात राग धरायची नाही.

आत शिरताच भाचीचे डोळे दिपले. कमानी मान मोडेपर्यंत उंच, खाऱ्या वाऱ्याने खरबरीत झालेले दगडी खांब, रंगीत काचांतून फरशीवर सांडलेला निळा-तांबडा उजेड. मावशी मात्र तडक वेदीच्या डावीकडच्या बुटक्या दाराशी गेली.

"आजी, ती पाद्रींची कपडे बदलायची खोली आहे. लोकांना बंद असते," राखणदार म्हणाला.

"ठाऊक आहे बाबा. इथे मी एक बाळंतपण केलंय."

राखणदाराने किल्ली काढून दार उघडलं.

त्या खोलीत उभं राहून मावशीने सगळं सांगितलं. तेव्हा ती नुकती नोकरीला लागली होती. तिच्या हातात एक बाळ दगावलं होतं. चूक कुणाचीच नव्हती, पण तिने हाय खाल्ली. हे काम आपलं नव्हे, असं म्हणून घरी बसायचं पक्कं केलं. अशात वादळ आलं आणि समुद्र बाजारात शिरला. लोक जीव मुठीत धरून इथे टेकडीवर धावले. इथल्या म्हाताऱ्या पाद्रींनी कॅथेड्रलची दारं सताड उघडली. त्या गर्दीतच बेकरीवाल्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. दवाखान्याचा रस्ता पाण्याखाली, म्हणून तिला या खोलीत आणलं.

"'कुणी नर्स आहे का?' फादर ओरडले. नोकरी सोडायची ठरवली होती गं, पण तोंडातून 'आहे' निघून गेलं."

त्यात बाळ पायाळू. फादरनी अंगावरचा भरजरी झगा काढून जमिनीवर अंथरला.

"फादर, खराब होईल!"

"कापड धुता येतं, पोरी. तू तुझं काम कर."

बाळ आलं ते निळं पडलेलं, गप्प. मावशीने त्याची पाठ चोळली, तोंड साफ केलं, पुन्हा चोळली. आणि मग ते असं किंचाळलं की अख्खा घुमट दणाणला. आवाज घुमून परत आला, तशी बाहेरच्यांची खात्री पटली की जुळं झालं!

"दोन्ही जीव सुखरूप आहेत ना?" बेकरीवाल्याने दारातून विचारलं.

"हो, दोन्ही जीव ठणठणीत," मावशी म्हणाली. तिच्या मनात आई आणि लेक. त्याने मात्र कपाळाला हात लावला, "अरे देवा, आता दुसरा पाळणा कुठून आणू?"

राखणदार पोट धरून हसला. भाचीचे मात्र डोळे भरून आले होते.

"मावशी, एवढं सगळं झालं आणि आम्हाला कधी बोलली नाहीस?"

"वेळ कुणाला होता? पाणी ओसरलं आणि मी ड्यूटीवर गेले. मग काय, निवृत्त होईपर्यंत गेलेच."

"आणि ती मुलगी?"

"ती बापाची बेकरी चालवते. दोन पोरं झाली तिला, दोन्ही माझ्याच हातची."

राखणदाराने खुर्ची पुढे सरकवली. मावशी टेकली. कमानी, खांब, रंगीत काचा सगळं बघायचं राहिलं होतं. पण भाची तिच्या पायाशी फरशीवर बसली आणि म्हणाली, "त्या पोरांचंही सांग."