खंडेनवमीचं कुंकू

लेकीला नेमबाजीचं वेड लागलं आणि माझे शनिवार संपले. इथे परदेशात आठवडाभर वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात पिचायचं आणि सुट्टीच्या दिवशी चोआ चू कांगच्या शूटिंग रेंजवर जांभया देत बसायचं. तिची पहिली एअर रायफल निवडण्यातच कित्येक शनिवार गेले. मला चकचकीत निळी आवडली होती. पण कोचने तिला एकेक रायफल हात भरून येईपर्यंत धरायला लावली आणि दमल्यावरही जी हलली नाही, तीच घ्यायला सांगितली. माझी निवड अशी झाली असती, तर मी दुकानातच पडून राहिलो असतो.

रायफल घरी आणायची परवानगी नव्हती, ती क्लबच्या कुलपात राहायची. खंडेनवमीला घरी लॅपटॉपची पूजा झाली, पण बायकोला खऱ्या शस्त्राचीच हवी होती. म्हणून ऑफिस सुटल्यावर मी कुंकवाची डबी घेऊन रेंजवर लेकीच्या सरावाला गेलो. लेकीने रायफल टेबलावर ठेवलेली दिसताच मी कुंकू लावायला थेट नळीसमोर हात घातला.

"बाबा, मागे हो!"

एरवी माझ्याशी इंग्रजीतच, तेही इथल्या लोकांसारखं वाक्याच्या शेवटी 'लाह' लावून बोलणारी मुलगी मराठीत ओरडली. सगळे वळून बघायला लागले. दिवसभर बॉसचं ऐकून घेतलं होतंच, आता हेही. मी डबी मिटली.

तिने रायफल रिकामी असल्याची खात्री केली, कोचलाही दाखवली. मग चाप ओढायचं बोट माझ्यापुढे धरलं.

"कुंकू ह्याला लाव, बाबा. रायफल आपणहून काही करत नाही."