बटाट्याचा ठसा

बालवाडीच्या नव्या अभ्यासक्रमाच्या बैठकीत परवा कुणीतरी बटाटा अर्धा कापला, रंगात बुडवला आणि कागदावर दाबला. तो कच्चा, ओला वास आला आणि मला निपाणीजवळची एक बालवाडी आठवली.

ठशांचा हाच उपक्रम मी तेव्हा नवा नवा लिहिला होता आणि तिथं मुलांकडून करून घेत होते. एका जैन घरातली चिमुरडी हात मागे बांधून उभी होती. मला वाटलं, लाजतेय. मी तिचा हात धरून बटाट्यावर ठेवला आणि वरून दाबला. लालभडक ठसा उमटला. तिनं हळूच विचारलं, "बाई, त्यातलं जीव मेलं व्हय?"

दारात थांबलेली तिची आई लगबगीनं आत आली. पदरानं तिचा हात पुसत मलाच म्हणाली, "चुकलं बाई. बटाट्यात लई जीव असत्यात म्हणून आमच्यात घरात आणत न्हाईत. त्यानं भ्याली ती. लहान हाय, समजून घ्या."

"असू दे," मी म्हणाले. मोठ्या मनानं माफ केल्यासारखं.

परवा बैठकीत मी बटाट्याऐवजी भेंडी सुचवली. का, असं विचारल्यावर म्हणाले, "भेंडीचं फूल सुरेख उमटतं."