लातूरच्या खोलीतला पहारा

भाऊ डॉक्टर व्हावा म्हणून आप्पांनी त्याला लातूरला क्लास लावला आणि त्याला भाकऱ्या करून घालायला मला पाठवलं. माझं नांदेडचं बी.एस्सी.चं दुसरं वर्ष सुटलं. मला कुणी विचारलंही नाही. त्याच्यावर लक्ष ठेवायचं कामही माझ्याकडेच होतं.

त्याच्या जुन्या लॅपटॉपवर एक खेळ होता, आमच्या जन्माच्याही आधीचा. महायुद्धातला कैदी शत्रूच्या किल्ल्यातून लपतछपत निसटतो, एवढाच. गोळ्या मोजक्याच, म्हणून पहारेकऱ्याच्या पाठीमागून मुकाट सरकायचं, नाहीतर त्याचाच गणवेश चढवून दारातून जायचं. माणसं म्हणजे नुसते ठोकळे. तरी भाऊ माझा हात धरून कुजबुजायचा, "अक्का, हलू नको, गार्ड येऊन राहिला!" आणि मी खरोखरच श्वास रोखायची. तिकडे वरण करपायचं. त्या वर्षात मी हसले ती तेवढीच. हा खेळ फक्त मला माहीत होता.

मग एका चाचणीत त्याचे मार्क घसरले. रविवारी आप्पा मुखेडहून एसटीनं आले. जेवताना म्हणाले, "अभ्यास करून राहिला का न्हाई हा?" माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं आई म्हणायची, पण त्या दिवशी माझी जीभ घसरली नव्हती. माझं वर्ष बुडवून हा खेळतो, याचा राग होता. मी सगळं सांगितलं. आप्पा लॅपटॉप पिशवीत घालून घेऊन गेले. त्या दिवसापासून भाऊ आपलं ताट आपणच घासायला लागला.

तो डॉक्टर झाला. आता आम्ही दोघंही नांदेडलाच राहतो, रिक्षानं वीस मिनिटांवर. सणावाराला तो येतो, नीट बोलतो. मी खोलीत गेले की फोन पालथा ठेवतो. ते मला दरवेळी लागतं.

गेल्या महिन्यात त्याच्या घरमालकिणीकडून कळलं, त्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. मी डबा घेऊन धावले. तो एकटाच पडला होता. मला रडूच आवरेना.

"मला का न्हाई सांगितलंस रे? मी कुणाला सांगणार होते? आप्पा जाऊन तीन वर्षं झाली."

तो रागावला नव्हता. टाके सांभाळत बाजूला सरकला, मला बसायला जागा केली.

"सवयच पडली, अक्का," म्हणाला.