चष्म्यावरचा डाग

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा बाही वर करून बसले होते. "दुखणं डोळ्याचं, मग रक्त कशाला काढता?" ते कुरकुरले.

"डोळ्याच्या पडद्यातल्या शिरेत गुठळी झालीय, आजोबा. रक्त का गोठतंय, अंगात सूज आहे का, ते बघायचंय," सिस्टर म्हणाली. "आधी का नाही आलात?"

त्यांच्या शेजारी बसलेल्या आजी खालमानेनं म्हणाल्या, "हे चष्म्यावर डाग पडलाय म्हणायचे. मी रोज पुसून द्यायचे."

रोज पदरानं, मायेनं पुसलेली ती काच! नुसती माया पुरत नाही, हे कळेपर्यंत किती उशीर होतो.

रक्त काढून झालं. आजोबांनी सवयीनं चष्मा आजींपुढे धरला. आजींचा हात पदराकडे गेला आणि तिथेच थांबला.